जुन्या लॅपटॉपला नवा प्रोसेसर : एक हिशेब

आमच्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांना बसणारी शेतकऱ्यांची व मजुरांची मुले तेथे रात्री उशिरापर्यंत वाचत असतात. एका संस्थेने आपल्या कार्यालयातून बाद केलेले आठ लॅपटॉप गेल्या वर्षी या अभ्यासिकेस दिले. सारे २०१२-१३ च्या सुमाराचे. यंत्र सुरू होण्यास पाच मिनिटे लागत आणि दोन पाने एकदम उघडली की ते जागच्या जागी थिजून बसे. तेव्हा वर्गणी जमवून आठही यंत्रांचे प्रोसेसर बदलून घ्यावेत, अशी सूचना तरुण कार्यकर्त्यांनी मांडली. वर्गणी जमली सव्वीस हजार रुपये. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेला माणूस म्हणून माझा सल्ला विचारण्यात आला. त्या निमित्ताने जो विचार झाला, तो इतर ठिकाणच्या कार्यकर्त्यांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहे.

पहिला प्रश्न असा की, हा भाग बदलता तरी येतो काय? इंटेल कंपनीच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या, म्हणजे साधारणतः २०१३-१४ पर्यंतच्या, पुष्कळ लॅपटॉपांत प्रोसेसर एका सॉकेटमध्ये बसविलेला असे. स्क्रू सैल करून तो काढता येई व त्याच जातीचा दुसरा बसविता येई. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपचा प्रोसेसर मदरबोर्डला सोल्डर करून कायमचा जोडलेला येऊ लागला. त्यानंतरच्या बहुतेक यंत्रांच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याचीही सोय उरलेली नाही.

आमची यंत्रे सुदैवाने जुन्या पद्धतीची होती. त्यांत दोन गाभ्यांचा आय-५ ३३२०एम हा प्रोसेसर होता. त्याच सॉकेटमध्ये चार गाभ्यांचा आय-७ ३६३२क्यूएम बसतो. दोहोंची उष्णतामर्यादा ३५ वॅट, त्यामुळे पंख्यावर जादा ताण पडण्याची भीती कमी. यंत्राच्या बायोसने नवा प्रोसेसर ओळखला पाहिजे, एवढी एक अट राहते. वापरलेला असा प्रोसेसर बसविण्याच्या मजुरीसह चार हजारांस पडेल, असे दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने सांगितले. आठांचे बत्तीस हजार झाले. म्हणजे जमलेली सारी रक्कम घालूनही दोन यंत्रे तशीच राहिली असती.

परंतु खरा प्रश्न रकमेचा नव्हता. यंत्र मंद आहे याचा अर्थ त्याचा प्रोसेसर मंद आहे, असा होत नाही. विहिरीवर दहा अश्वशक्तीचा पंप बसवावा आणि पाइप मात्र इंचाचाच ठेवावा, तर शेताला पाणी किती मिळणार? आमच्या यंत्रांत चार जीबी रॅम होती आणि मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क होती. रॅम भरली की यंत्र उरलेली माहिती डिस्कवर ठेवते आणि लागेल तेव्हा तेथून परत आणते. फिरत्या तबकडीवरील प्रत्येक नोंद शोधताना डिस्कच्या शीर्षास इकडून तिकडे धावावे लागते आणि प्रोसेसर तोवर हात बांधून उभा राहतो. मी कारागिराला यंत्रावर नेहमीचे काम चालू असताना आकडे दाखवावयास सांगितले. डिस्क शंभर टक्के गुंतलेली होती, प्रोसेसर मात्र वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर जात नव्हता. हा रिकामा बसलेला कामगार बदलून दुसरा, अधिक बलवान कामगार आणला असता, तर तोही रिकामाच बसला असता. शिवाय या नव्या प्रोसेसरचे गाभे चार असले, तरी प्रत्येक गाभा जुन्यापेक्षा वेगवान नाही. वाचन, लेखन, सराव परीक्षा या कामांत त्याचा लाभ जाणवलाच नसता.

म्हणून आम्ही प्रत्येक यंत्रात फिरती डिस्क काढून एसएसडी बसविली आणि रॅम चार जीबीने वाढविली. मजुरीसह खर्च प्रत्येकी दोन हजार सातशे, आठांचा मिळून एकवीस हजार सहाशे. यंत्रे आता अर्ध्या मिनिटात सुरू होतात. उरलेल्या रकमेतून एकाच यंत्राचा प्रोसेसर मात्र बदलला. त्या यंत्रावर दोन मुली जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखतींचे चित्रीकरण संपादित करतात, आणि या कामात प्रोसेसर खरोखरच तासन्‌तास पूर्ण राबतो. पूर्वी दोन तास लागणारे रूपांतर आता सव्वा तासात होते. तेथे चार हजार रुपये सार्थकी लागले. शिल्लक राहिले चारशे.

दुसरा एक अडसर तांत्रिक मुळीच नव्हता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. मुदतवाढीची जी सोय झाली, ती मर्यादित काळापुरतीच. विंडोज ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि आमच्या सॉकेटमध्ये तिसऱ्या पिढीच्या पुढचा बसत नाही. म्हणजे कितीही पैसे ओतले, तरी त्या वाटेने ही यंत्रे अधिकृतपणे पुढे जाऊ शकत नव्हती. चालते यंत्र एका घोषणेने कालबाह्य ठरते, ही गोष्ट साधी नव्हे. आम्ही लिनक्सचा मार्ग धरला. केरळातील सरकारी शाळा गेली अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आहेत. जे तेथील मुलांना जमले, ते आमच्या मुलांनाही आठवड्यात जमले.

येथे कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. भाग सोल्डर केल्याने यंत्र पातळ व हलके होते, जोड सैल होण्याचे भय राहत नाही, असे सांगितले जाते. प्रोसेसरपुरते हे मान्य करावयास माझी हरकत नाही, कारण तो बदलण्याची गरज क्वचितच पडते, हे आमच्याच हिशेबावरून दिसले. परंतु तोच न्याय आता अनेक यंत्रांतील रॅमलाही लावला जात आहे. काहींत तर साठवणुकीचा भागही कायमचा जोडलेला असतो. ज्या दोन भागांच्या बदलाने आमची आठ यंत्रे जगली, नेमके तेच! आज खरेदी केलेले यंत्र दहा वर्षांनी कुठल्या अभ्यासिकेला मिळाले, तर तेथील मुलांना ते जगविता येणार नाही.

गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात यंत्रविरोधाला शिवणयंत्राचा अपवाद केला होता. ते यंत्र घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकले, कारण त्याचा पट्टा, सुई, बॉबिन गावातल्या दुकानी मिळे आणि ते खोलणारा माणूस गावातच असे. मालकी म्हणजे केवळ पावती नव्हे. वस्तू उघडण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार तिच्यात अंतर्भूत असतो. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापण्याची सक्ती केली. आपल्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराचे पोर्टल काढले, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा भरही मुख्यतः पुनर्चक्रणावर आहे. वस्तू कचरा होण्याआधी वाचविणे अधिक स्वस्त, आणि त्यात लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत हजारो कुशल हातांना काम आहे.

म्हणून दोन गोष्टी सुचवितो. आपल्या हाती जुने यंत्र आले, तर प्रोसेसरचा विचार सर्वांत शेवटी करा. आधी डिस्क, मग रॅम. काम चालू असताना प्रोसेसर खरोखर पूर्ण राबतो आहे असे आकड्यांनी दाखविले, तरच त्यावर खर्च करा. आणि शाळा समिती, ग्रामपंचायत, वाचनालय, पतसंस्था यांपैकी जेथे आपला शब्द चालतो, तेथे नव्या खरेदीच्या निविदेत रॅम, साठवणूक व बॅटरी बदलता आली पाहिजे आणि सुटे भाग काही वर्षे मिळाले पाहिजेत, अशी अट घालण्याचा आग्रह धरा. सार्वजनिक पैशातून होणारी खरेदी मोठी असते, आणि मोठ्या गिऱ्हाइकाची अट विक्रेत्याला ऐकावी लागते. ही अट आज आपण घातली नाही, तर दहा वर्षांनी आपल्या अभ्यासिकांकडे येतील ती केवळ बंद पडलेली खोकी.