'सर्व्हर डाऊन'चे ओझे आमच्याच पोरांनी का वाहायचे?

वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपच्या मालकाला विचारा, नवे बिलिंग सॉफ्टवेअर घेतले तेव्हा काय केले? तो सांगेल, दोन-तीन महिने जुनी वहीही चालू ठेवली. रोज संध्याकाळी वहीचा आकडा आणि कॉम्प्युटरचा आकडा ताडून पाहिला. दोन्ही जुळायला लागले, तेव्हा वही बंद केली. या माणसाने व्यवस्थापनाचा कोर्स केलेला नसतो. पण पैसा त्याचा असतो आणि बुडाला तर तोच बुडणार असतो, म्हणून तो जपून पावले टाकतो.

आमचा प्रश्न साधा आहे. एका वर्कशॉपवाल्याला जे कळते ते सरकारला आणि विद्यापीठांना का कळत नाही? उत्तरही आम्हीच देतो. बुडणारा पैसा त्यांचा नसतो. वाया जाणारे वर्ष त्यांच्या मुलांचे नसते.

२०१७ हे एकच वर्ष आठवा. शिष्यवृत्तीचे जुने पोर्टल बाजूला सारून महाडीबीटी आणले गेले. अनेक विभागांच्या डझनावारी योजना एकाच वेळी एकाच पोर्टलवर. ते चाललेच नाही. विद्यार्थी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत नेट कॅफेत बसून राहिले. शेवटी त्या वर्षीचे अर्ज ऑफलाइन घेण्याची पाळी सरकारवर आली. म्हणजे जी वही आधीच उघडी ठेवायला हवी होती, ती वर्ष सरत आल्यावर शोधावी लागली.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याचा घाट घातला. कंत्राट दिले गेले तेव्हा परीक्षा सुरू झालेल्या होत्या. ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. २४ ऑक्टोबरला कुलपतींनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केले. त्याच वर्षी शेतकरी कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन घेतले गेले. दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रांचा सोहळा झाला आणि मग कळले की याद्यांमध्ये एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी आहेत. वाटप अडकले.

आणि त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी आला. त्याचेही पोर्टल कोलमडले. पण तिथे काय झाले ते नीट पाहा. व्यापाऱ्यांच्या संघटना बोलल्या, मुदती वाढल्या, पहिल्या महिन्यांचे विलंबशुल्क माफ झाले. अवघड विवरणपत्रे बाजूला ठेवून सोपे '३बी' आले आणि ते आजवर चालू आहे. व्यापाऱ्यांना त्रास झालाच, आम्ही तो नाकारत नाही. त्यांच्यात आमचे छोटे उद्योजकही होते. पण त्यांचे विलंबशुल्क माफ झाले. शिष्यवृत्ती अडकली म्हणून वसतिगृह सोडून ऊसतोडीला गेलेल्या मुलाचे वर्ष कुणी परत केले? तंत्रज्ञान दोघांच्याही वाट्याला फसलेलेच आले. ज्याचा आवाज दिल्लीपर्यंत पोहोचतो त्याला सवलत मिळाली. ज्याचा पोहोचत नाही त्याला 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' एवढेच मिळाले.

आता काही शहाणे म्हणतील, हे लोक तंत्रज्ञानाच्या विरोधात आहेत. मुळीच नाही. यंत्राला दोष देणाऱ्या गांधीवादी विचाराचा बाबासाहेबांनी 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या १९४५ च्या ग्रंथात समाचार घेतला आहे. दोष यंत्राचा नाही, यंत्राचे फायदे मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, ही त्यांची भूमिका. तीच आमची भूमिका आहे. जुनी पद्धत सोवळी होती असेही आम्ही म्हणत नाही. शिष्यवृत्तीचे पैसे खाणाऱ्या संस्थाचालकांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले, ते जुन्याच व्यवस्थेतले. पैसा थेट मुलांच्या खात्यात जावा, ही आमचीच मागणी आहे. पण चोराला पकडायचे म्हणून घरालाच कुलूप लावून किल्ली हरवायची, याला सुधारणा म्हणत नाहीत.

ज्या जगात पैसा मोजला जातो, तिथे याचा हिशेब कसा होतो तेही पाहू. ब्रिटनमधल्या टीएसबी या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सगळे ग्राहक एका झटक्यात नव्या प्रणालीवर नेले. सुमारे १९ लाख ग्राहक आपल्याच खात्याबाहेर अडकले. बँकेला नुकसानभरपाई द्यावी लागली आणि २०२२ मध्ये नियामकांनी तिला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. माहिती-तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखाला २०२३ मध्ये व्यक्तिशः ८१ हजार पौंडांहून अधिक दंड भरावा लागला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीचे एक सदोष अपडेट एकदम जगभर गेले आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यानंतर त्या कंपनीने जाहीर केले की यापुढे अपडेट टप्प्याटप्प्याने देऊ. जी गोष्ट वाळूजच्या वर्कशॉपवाल्याला माहीत होती, ती तिने एवढी किंमत मोजून शिकली. पण निदान शिकली. आपल्याकडे पोर्टल बदलते, कंत्राटदार बदलतो, चूक मात्र तीच राहते.

आता मुद्द्याचे बोलू. कारखान्यात प्रेस मशीनखाली कामगाराचे बोट गेले तर भरपाई कोण देतो? मालक. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने हे तत्त्व या देशात आणले. कामावर अपघात झाला तर मालकाचा निष्काळजीपणा कामगाराने सिद्ध करत बसायचे नाही. यंत्र ज्याने आणले, जोखीम त्याची. इंग्रजांच्या राज्यातही जे तत्त्व मान्य झाले, ते आज शिष्यवृत्तीच्या पोर्टलला लागू नाही! इथे यंत्र सरकारने आणायचे, पैसे कंत्राटदाराने घ्यायचे आणि बोट मात्र आमच्या पोरांचे कापले जायचे. वर त्यालाच विचारायचे, 'तू आधार लिंक का केले नाहीस? रिडीमचे बटण का दाबले नाहीस?'

ही शिष्यवृत्ती कुणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय उभे केले, तेव्हा मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली मुले पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात आली. आज त्यांची नातवंडे त्याच शहरात, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मोबाइलच्या पडद्यावर 'स्क्रुटिनी पेंडिंग' वाचत बसली आहेत. कारकून अर्ज 'सेंड बॅक' करतो, कारण आधारवरच्या नावात आणि टीसीवरच्या नावात एका अक्षराचा फरक आहे. तो फरक शाळेत नाव घालणाऱ्या मास्तराने केला. शिक्षा मात्र पोराला.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

एक, कोणतेही नवे पोर्टल आधी एका योजनेसाठी, एका जिल्ह्यात चालवा. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष जुनी पद्धत सोबत चालू ठेवा.

दोन, परतीचा रस्ता आधीच लिहून ठेवा. इतके दिवस पोर्टल बंद राहिले तर ऑफलाइन अर्ज आपोआप सुरू होतील, त्यासाठी नव्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

तीन, पोर्टल जितके दिवस बंद तितकी मुदत आपोआप वाढवा. शिष्यवृत्ती आली नाही म्हणून कोणत्याही महाविद्यालयाला परीक्षेचा अर्ज किंवा टीसी अडवता येऊ नये.

चार, कंत्राट जाहीर करा. पैसे उद्घाटनाच्या दिवशी नव्हे, विद्यार्थ्याच्या खात्यात रक्कम पडल्यावर द्या. उशिराचा दंड कंत्राटदाराकडून घ्या आणि तो विद्यार्थ्याला द्या.

पाच, चाचणी मंत्रालयातल्या वातानुकूलित खोलीत घेऊ नका. कन्नडच्या, घनसावंगीच्या, सेनगावच्या मुलीच्या हातात तिचाच जुना मोबाइल देऊन घ्या. तिला जमले तर पोर्टल तयार, नाहीतर तयार नाही.

मित्रांनो, थोडे आपल्याकडेही वळून पाहू. आपण पोर्टल बंद पडले की व्हॉट्सअॅपवर संताप टाकतो आणि अर्ज भरला गेला की विसरून जातो. यापुढे प्रत्येक अडकलेल्या अर्जाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवा. अर्ज क्रमांकासह समाजकल्याण कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोचपावती घ्या. पोच नसलेली तक्रार म्हणजे न केलेली तक्रार. माहितीच्या अधिकारात चार गोष्टी मागा: कंत्राटाची प्रत, चालू करण्याआधीचा चाचणी अहवाल, पोर्टल बंद राहिल्याच्या तासांची नोंद आणि कंत्राटदाराकडून वसूल केलेला दंड. चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'निरंक' आले तर तोच आपल्या पुढच्या मोर्चाचा फलक.

आणि आपली जी पोरे आज पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरूत सॉफ्टवेअर लिहितात, त्यांना वेगळे सांगणे आहे. तुमच्यापैकी बहुतेकजण याच शिष्यवृत्तीवर शिकले. तुम्हाला समांतर चाचणी म्हणजे काय हे ठाऊक आहे, निविदा वाचता येते, कंत्राटदाराची थाप ओळखता येते. जयंतीला वर्गणी देता, ती द्याच. पण वर्षातून दोन रविवार नागसेनवनात येऊन बसा आणि पोरांचे अडकलेले अर्ज तपासा. माहितीच्या अधिकारात आलेली कागदपत्रे वाचून आम्हाला सांगा, चूक नेमकी कुठे आहे. आमच्याकडे रस्ता आहे, तुमच्याकडे विद्या आहे. दोन्ही एकत्र आले तर 'सर्व्हर डाऊन' हे उत्तर या शहरात कुणी देऊ धजणार नाही.

जोखीम घ्यायची असेल तर सरकारने खुशाल घ्यावी, पण स्वतःच्या खिशातून. आमच्या पोरांचे वर्ष ही तुमच्या प्रयोगाची वही नाही.

जय भीम!