पंचनामा करायला सगळे येतात

यवतमाळ जिल्ह्यात आपत्ती सांगून येते. मृगाच्या सरींसोबत वीज पडते आणि झाडाखाली आडोशाला थांबलेले मजूर, गुराखी जागीच जातात. जुलै-ऑगस्टात पैनगंगा, पूस, अरुणावती फुगतात, वणीकडे वर्धा नदीचं पाणी शिवारात शिरतं. पोळ्याच्या आगेमागे कपाशीवर फवारण्यांचा जोर वाढतो आणि सरकारी दवाखान्यात विषबाधेचे रुग्ण यायला लागतात. शाळकरी पोरालाही पाठ असलेलं हे चक्र आहे. तरी दर वर्षी माणसं मेली की सगळं अचानक घडल्यासारखं बोललं जातं. मग गाड्या येतात, पंचनामा होतो, मदतीचा धनादेश देताना फोटो निघतो. पंचनाम्याला सगळे असतात. त्याच्या आदल्या दिवशी गावात कोण होतं, हा माझा प्रश्न आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 साली झाला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहे, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आहेत आणि जिल्ह्याचा आराखडा दर वर्षी तपासून अद्ययावत करायचा आहे. कायद्यातली आपत्तीची व्याख्याही पूर आणि भूकंपापाशी थांबत नाही. माणसाच्या करणीने, अपघाताने किंवा निष्काळजीपणाने ओढवलेलं, गावाला आपल्या बळावर पेलता न येणारं संकट तिच्यात स्पष्ट शब्दांत आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण या जिल्ह्यातली अलीकडच्या काळातली एक मोठी आपत्ती कुणी आपत्ती म्हणून हाताळलीच नाही.

2017 चा खरीप. पाऊस लहरी, उकाडा भयंकर, पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलेली. बोंडअळी, पांढरी माशी, फुलकिडे सगळे एकदम आले. शेतकऱ्याने दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र कालवून फवारली. तसं करायला त्याला कुणी सांगितलं? बहुतेक ठिकाणी कृषी केंद्राच्या काउंटरवरच्या माणसाने, कारण सल्ला द्यायला दुसरं कुणी गावात येतच नव्हतं. बॅटरीच्या पंपाने बारीक तुषार उडायचे आणि डोक्याएवढ्या झाडांमधून चालणाऱ्या मजुराच्या तोंडावर, डोळ्यांत, छातीवर बसायचे. जुलैपासून उलट्या, चक्कर, अंधूक दिसणं अशा तक्रारी घेऊन माणसं यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात यायला लागली. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. ऑक्टोबरात वर्तमानपत्रांनी रान उठवलं तेव्हा मुंबईला जाग आली आणि विशेष तपास पथक नेमलं गेलं. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले आणि आठशेहून अधिक लोकांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली ती नोव्हेंबरात, म्हणजे फवारणीचा जोर ओसरल्यावर.

जुलै ते ऑक्टोबर हा काळ मला अजून अस्वस्थ करतो. खाटा भरत होत्या, डॉक्टर उपचार करत होते, केसपेपर लिहिले जात होते. त्या केसपेपरांवर गावांची नावं होती. कोणत्या तालुक्यातून किती माणसं, कोणतं औषध फवारून आली, एवढं रोज एका कागदावर मांडलं असतं तरी ऑगस्टमध्येच दवंडी पिटता आली असती. रक्तातलं कोलिनेस्टरेज किती उतरलंय यावरून सेंद्रिय फॉस्फरसाच्या विषाची बाधा कळते. कापसाच्या या जिल्ह्यात, जिथे दर हंगामात विष फवारलं जातं तिथल्या सर्वांत मोठ्या सरकारी दवाखान्यात त्या तपासणीची सोय नव्हती. काही विषांवर अॅट्रोपिनसारखा उतारा चालतो, काहींवर उताराच नाही. म्हणून रुग्णाने कोणती बाटली वापरली हे कळणं जीवनमरणाचं ठरतं. कीटकनाशक कायदा 1968 चा आहे, त्याचे नियम 1971 चे. संरक्षक कपडे, प्रथमोपचार, उतारा, विषबाधेची खबर, सगळं त्यात आहे. पन्नास वर्षं जुना कायदा ज्यांनी वाचायचा होता त्यांनी वाचला नाही, आणि त्याची किंमत रोजंदारीवर फवारणाऱ्या माणसाने मोजली.

नंतर काय झालं? काही अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, मदत जाहीर झाली, संरक्षक किट वाटल्या गेल्या. यवतमाळच्या पीडितांना 2020 मध्ये स्वित्झर्लंडपर्यंत जाऊन एका कंपनीविरुद्ध दाद मागावी लागली. घाटंजीकडच्या, आर्णीकडच्या माणसाला तिथल्या बाझेल शहराचं कोर्ट जवळचं वाटावं, यापेक्षा आपल्या व्यवस्थेचा मोठा पराभव मला माहीत नाही.

किटचं पाहा. गेल्या हंगामात आर्णी रस्त्यालगतच्या एका वावरात मी बांधावर उभा होतो. ड्रममध्ये पाणी, त्यात औषध, आणि ढवळायला तुराटी. फवारणारा माणूस भूमिहीन होता, पंप मालकाचा. बाटलीचं झाकण त्याने दातांनी उघडलं. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, तोही घामाने आणि औषधाने ओला. बाटलीवर लाल त्रिकोण होता आणि आत घडी घातलेलं माहितीपत्रक, मुंगीएवढ्या अक्षरांचं. त्याला वाचता येत नव्हतं, आणि मलाही चष्मा लावून ते नीट वाचता आलं नाही. किटबद्दल विचारलं तर म्हणाला, “मोजे घातले तं ढक्कन निंगत नाही भाऊ. अन् तो झगा घालून दुपारच्यानं उभं राहून पाहा बरं.” किट मालकाच्या घरी खुंटीला होती. साहित्य सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतं आणि विष ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही त्याच्या अंगावर उडतं. यवतमाळच्या उन्हात जो कपडा अर्धा तासही अंगावर ठेवता येत नाही, तो वाटून कुणाचाही जीव वाचणार नाही. वाचवायचाच असेल तर फवारणी सकाळी लवकर आणि संध्याकाळी व्हावी, सलग अनेक दिवस एकाच माणसाने पंप उचलू नये, बांधावर साबण आणि दोन बादल्या स्वच्छ पाणी असावं, आणि चक्कर आली की कुठे न्यायचं हे त्या माणसाच्या बायकोला माहीत असावं.

पाण्याच्या बाबतीतही असंच चाललंय. 28 सप्टेंबर 2021 ला नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात वाहून गेली. पुलावरून पाणी वाहत होतं आणि बस त्यात घातली गेली. प्रवाशांचे जीव गेले, मग चर्चा झाली ती चालकाच्या चुकीची. पण त्या पुलाच्या तोंडाशी आडवा बांबू लावून, एसटी असो की आमदाराची गाडी, थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस का नव्हता? कुठला नाला किती पावसाने पुलावर चढतो, हे त्या गावच्या पोलीस पाटलाला आणि कोतवालाला बापजाद्यांपासून माहीत असतं. हे ज्ञान जिल्ह्याच्या आराखड्यात उतरलेलं मला दिसत नाही.

22 जुलै 2023 ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं. चाळीसहून अधिक माणसं अडकली आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची वाट पाहण्याची वेळ आली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला असतात. जवानांच्या धाडसाबद्दल मला आदरच आहे. पण नागपूर ते महागाव रस्ता चांगल्या दिवशीही काही तासांचा, आणि पुरात तर रस्ताच पाण्याखाली. त्या तासांत माणसाला वाचवतो तो शेजारी. आपल्या धरणांवर मासेमारी करणारे भोई बांधव पाण्याची नस ओळखतात, होडी चालवतात, दोराने माणूस ओढून काढतात. त्यांची गावनिहाय यादी, त्यांना बोलावलं तर मिळणारं मानधन, त्यांचा विमा, लाइफ जॅकेट, हे सगळं मे महिन्यात ठरायला हवं. पूर आल्यावर त्यांना विनंत्या करायच्या आणि सत्काराच्या वेळी विसरायचं, हा बेशरमपणा थांबला पाहिजे.

यावर कार्यालयांतून मिळणारं ठरलेलं उत्तर म्हणजे लोक ऐकत नाहीत. मी हे उत्तर मानत नाही. वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ अॅप पुण्याच्या संस्थेने बनवलं, चांगलं बनवलं. पण निंदायला गेलेल्या बाईकडे बटनांचा फोन असतो, तोही बहुतेक वेळा नवऱ्याच्या खिशात. तिला इशारा मिळालाच नाही तर ती काय ऐकणार? देवळाचा भोंगा, ग्रामपंचायतीचा भोंगा, शाळेची घंटा ही साधनं गावोगाव आहेत आणि ती वाजवायची जबाबदारी कुणावरही टाकलेली नाही. रंगीत तालीम होते, पण ती जिल्ह्याच्या ठिकाणी, पत्रकारांसमोर. तांड्यावर, पोडावर ती झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. वीज पडून माणूस गेला की वारसांना चार लाख मिळतात, ते मिळालेच पाहिजेत. पण त्या रकमेच्या एका अंशात एका गावासाठी दोर, बॅटऱ्या, भोंगा आणि उताऱ्याची औषधं येतात, आणि एवढ्यासाठी निधीचं कारण पुढे करणाऱ्यांनी आधी त्या वारसांच्या घरात जाऊन बसावं.

माझी मागणी अवघड नाही. प्रत्येक गावाचा एका पानाचा कागद असावा. त्यावर पाणी चढणारे नाले आणि पूल, तिथे गाडी अडवणाऱ्याचं नाव, पोहणाऱ्यांची आणि होडीवाल्यांची नावं, म्हातारी-अपंग माणसं असलेली घरं, पाणी वाढलं तर जायची उंचावरची जागा, भोंगा वाजवणारा माणूस, आणि विषबाधेवर उपचार होतील असा जवळचा दवाखाना लिहिलेला असावा. ऑगस्टपासून आशाताईंनी फवारणीनंतर त्रास झालेल्यांची रोज नोंद करावी, आणि एकाच गावातून दोन रुग्ण आले की प्राथमिक आरोग्य केंद्राने त्याच दिवशी कृषी अधिकाऱ्याला त्या वावरात पाठवावं. या कागदातला पावसाळ्याचा भाग 1 मेच्या ग्रामसभेत वाचला जावा, फवारणीचा 15 ऑगस्टच्या, आणि त्या सभेला भूमिहीन मजूर आणि त्यांच्या घरच्या बायका हजर असाव्यात. जिल्हाधिकाऱ्यांनी सोळाही तालुक्यांसाठी असा आदेश काढावा, आणि ज्या गावात कागद वाचला गेला नाही तिथल्या ग्रामसेवकाला आणि तलाठ्याला त्याच आठवड्यात लेखी जाब विचारावा.