बंद करायचे थेंब, चालू ठेवायचे थेंब

आमच्या अमळनेरला मोतीबिंदूचं ऑपरेशन ही आनंदाची बातमी असते. पट्टी सुटली की म्हातारं माणूस कौतुकानं सांगतं, भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतंय! काचबिंदूच्या वाट्याला असं कौतुक कधीच येत नाही. त्याच्या औषधानं नवीन काही दिसू लागत नाही. जे दिसतंय तेवढं टिकतं. आणि टिकण्याची बातमी कोण सांगणार?

माझ्या काकांना हे दोन्ही बिंदू. डोळ्यातला दाब वाढलेला म्हणून रोज रात्री एक थेंब बरीच वर्षं चालू होता. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतरचे थेंब हळूहळू कमी करून सहा आठवड्यांनी थांबवायचे होते. काकांनी सगळ्याच बाटल्या थांबवल्या! मी विचारलं, तर म्हणाले, "माले समदं दिखस, मंग थेंब कसाले?" मलाही ते पटलं. चूक एकट्या काकांची नव्हती.

पुढच्या वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला आम्ही बोरीच्या पात्रात गेलो. लांबच्या पाळण्यावरची पाटी काकांनी वाचून दाखवली, आणि डावीकडून आलेल्या लहान पोरावर जाऊन आदळले. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तपासलं तर दाब तिशीच्या घरात. साधारणपणे तो 10 ते 21 मिलिमीटर पारा असतो. समोरचं स्वच्छ होतं, डाव्या बाजूचं बरंच गेलं होतं. ते आता परत येणार नाही.

दोन्ही आजारांत फरक आहे तो इथेच. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. भिंग बदलता येतं. 1949 साली लंडनमध्ये डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, आज ते तालुक्याच्या गावीही बसतं. काचबिंदूत मात्र डोळ्यामागची नस झिजते, आणि नस बदलण्याची सोय अजून कुठेच नाही. मोतीबिंदू काढल्यावर काहींचा दाब थोडा उतरतो, हे खरं. पण ऑपरेशननंतरच्या स्टिरॉइडच्या थेंबांनी काहींचा तो वाढतोही. म्हणून कोणता थेंब थांबवायचा हे दाब मोजून डॉक्टरांनीच ठरवायचं, आपल्याला किती दिसतंय यावरून नाही.

अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 मध्ये सुरू झाला. गावोगावच्या शिबिरांनी लाखोंना दृष्टी दिली, त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण आपण मोजतो ती ऑपरेशनं. घरी गेल्यावर थेंब चालू आहेत का, हे कोण मोजतं? मला वाटतं, घरी सोडताना चिठ्ठीवर मोठ्या मराठी अक्षरांत दोनच रकाने असावेत : 'बंद करायचे' आणि 'कायम चालू'. शिवाय ती चिठ्ठी घरातल्या एखाद्या धडधाकट माणसालाही वाचून दाखवावी. चाळिशीनंतर प्रत्येकानं, आणि आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर नक्कीच, डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्यावी. फक्त चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नये.

काकांची बाटली आता देवघराशेजारी असते. रात्री थेंब टाकल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा दोन मिनिटं दाबून ते डोळे मिटून बसतात. अजूनही कधी कधी विचारतात, याचा उपयोग काय?

मी म्हणतो, काका, आज दिसतंय तेवढंच उद्याही दिसेल. एवढाच.