तात्पर्य लिहा (गुण २)

गेल्या आठवड्यात पुतण्या सहकुटुंब मांजरीला आला होता. जेवणं झाली, गप्पा रंगल्या आणि तो म्हणाला, "काका, तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग. एवढं वाचायला आता वेळ कुणाला आहे? तुम्ही आयुष्यभर मराठी शिकवलंत. एकदा बसा आणि दहा मुद्द्यांत सगळी शिकवण काढून द्या. कविता राहू दे बाजूला, मार्ग तेवढा सांगा."

पोराबाळांसमोर वाद नको म्हणून मी गप्प बसलो. रात्री मात्र झोप आली नाही. तेव्हा बोललो नाही ते आज इथे लिहितो. तो वाचेलच!

हे दुखणं आजचं नाही आणि आपल्या एकट्याचंही नाही. चीनमध्ये कन्फ्यूशियसच्या अनुयायांनी यावर शतकानुशतकं डोकेफोड केली. त्यांच्याकडे माणसानं चालायच्या मार्गाला 'ताओ' म्हणतात. अकराव्या शतकातला झोउ दुनयी म्हणाला, साहित्य ही मार्ग वाहून नेणारी गाडी आहे. गाडी नुसतीच सजवून ठेवली आणि तिच्यातून काही नेलंच नाही, तर ती सजावट वाया गेली. त्याचा शिष्य चेंग यी आणखी कडक. लेखनाच्या नादानं मार्गाची हानी होते, असं त्याचं मत. तू फू हा चीनचा थोर कवी, पण त्यानं फुलपाखरं आणि चतुर यांच्यावर ओळी लिहिल्या म्हणून चेंग यीनं त्या रिकामटेकड्या ठरवल्या. बाराव्या शतकातल्या झू शीच्या मते मार्ग हे मूळ आणि साहित्य ही फांद्या-पानं. साहित्य म्हणजे भाताबरोबर तोंडी लावणं, असंही तो म्हणे.

म्हणजे माझा पुतण्या एकटा नाही, त्याच्या पाठीशी मोठी माणसं आहेत.

पण पुढे काय झालं तेही बघा. झू शीची भाष्यं १३१३ साली सरकारी परीक्षांना लागली आणि त्या परीक्षा १९०५ पर्यंत चालल्या. उमेदवार ठरावीक साच्याचे निबंध घोकून लिहू लागले. ज्यांनी शब्दांना तोंडी लावणं ठरवलं, त्यांच्याच मार्गाचं शेवटी गाईड झालं! आणि खुद्द कन्फ्यूशियस काय सांगत होता? तो मुलाला म्हणाला होता की काव्य शिकला नाहीस तर तुला बोलताच येणार नाही. तीनशेपाच कवितांचा तो जुना संग्रह त्याला फार प्रिय होता, आणि त्यात प्रेमगीतंही आहेत.

आता आपल्या घरात येऊ. बी.ए.ला मराठी घेतलेल्यांना भास्करभट्ट बोरीकर आठवत असतील. महानुभाव पंथाचे कवी. त्यांनी 'शिशुपालवध' रचलं. पंथातल्या एका जाणत्यानं ते वाचून अभिप्राय दिला की ग्रंथ उत्तम झाला आहे, पण त्यात शृंगार फार. संसार सोडलेल्यांच्या उपयोगाचा नाही. मग भास्करभट्टांनी 'उद्धवगीता' लिहिली. वर्गात ही गोष्ट सांगताना मी नेहमी इथेच थांबत असे. कवी चुकला, पंथानं सुधारला, संपलं.

माझं तिथेच चुकत होतं. गोष्ट पुढे आहे. महानुभावांनी जे 'साती ग्रंथ' मानाचे म्हणून जपले, त्यांत 'उद्धवगीता' आहे आणि 'शिशुपालवध'ही आहे! टीका केली, पण ग्रंथ टाकून दिला नाही. विरक्तांच्या पंथानंही ते काव्य जपलं, म्हणूनच आपण आज ते वाचू शकतो.

कुणी म्हणेल, सर, हे पोथ्यांतलं झालं. तर मग रस्त्यावरचं सांगतो. तुकोबांची पालखी पुण्याहून लोणी काळभोरला जाताना मांजरी फाट्यावरून जाते. काही वर्षांपूर्वी तिथे एक दिंडी विसाव्याला थांबली होती. पाणी देता देता मीही एक अभंग गुणगुणत होतो. एका जागी शब्द आठवेना, म्हणून त्याच अर्थाचा दुसरा घातला. शेजारी बसलेल्या सत्तरीच्या बाईंनी लगेच अडवलं, "अर्थ बराबर हाय माउली, पर पाय चुकतोय."

घरी येऊन मोजलं. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं असतात आणि चौथ्यात चार. माझ्या शब्दानं सहाची सात झाली होती. बाईंनी अक्षरं मोजली नव्हती, त्यांनी टाळ आणि पाऊल मोजलं होतं. देहू ते पंढरपूर ज्या शब्दांवर पाय पडतात, ते शब्द तोंडी लावणं कसे? ते काढून दहा मुद्दे हातात दिले तर चालायचं कशावर?

याचा अर्थ शब्द गोड असले की झालं, असंही मी म्हणत नाही. आमच्या विद्यार्थिदशेत फडके-खांडेकर वादावर हमखास प्रश्न यायचा. 'कलेसाठी कला' म्हणणारे ना. सी. फडके १९४०च्या रत्नागिरी संमेलनाचे अध्यक्ष आणि 'जीवनासाठी कला' म्हणणारे वि. स. खांडेकर १९४१च्या सोलापूर संमेलनाचे. आम्ही दोन्ही बाजू पाठ करून गुण मिळवले. पण या वादाचं खरं उत्तर त्याआधीच जोतीराव फुल्यांनी देऊन ठेवलं होतं. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. न्यायमूर्ती रानड्यांनी फुल्यांना बोलावलं. फुल्यांनी पत्र लिहून नकार कळवला. सगळ्या माणसांचे हक्क जे उघडपणे मानत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसायचा नाही, असा त्याचा आशय. मार्ग सोडलेल्या साहित्याला इतकं स्पष्ट दुसरं कुणी सुनावलं नसेल. आणि याच फुल्यांनी आपलं म्हणणं गद्यात मांडूनही अभंगाच्या धर्तीवर 'अखंड' रचले. मुद्दे पुरेसे असते तर त्यांनी हा खटाटोप कशाला केला असता?

आता माझी चूक सांगतो. पुतण्याला बोल लावायचा आणि स्वतः नामानिराळं राहायचं, हे बरं नव्हे. सहामाहीच्या पेपरात मी एका अभंगाचं तात्पर्य विचारलं होतं. गुण २. एका मुलानं उत्तरात तो अख्खा अभंग पुन्हा उतरवून काढला, काना-मात्रेची चूक नाही. मी शून्य दिलं. वर त्याला वर्गात उभं करून विचारलं, हा काय आगाऊपणा? तो म्हणाला, "सर, आमच्याकडं आजोबांना अर्थ विचारला की ते परत म्हणूनच दाखवतात." वर्ग हसला. मीही हसलो.

त्या मुलाचं नाव मला आठवतं. गुण आता वाढवता येत नाहीत. पण 'तात्पर्य लिहा' म्हणत मी कित्येक पिढ्यांना असंच शिकवलं की कविता म्हणजे साल आणि बोध म्हणजे गर. तीच शिकवण घेऊन मोठी झालेली मुलं आज दहा मुद्दे मागत असतील, तर दोष एकट्या त्यांचा नाही. बाळा, तूही माझ्याच हाताखाली शिकलास!

तेव्हा दहा मुद्दे मिळणार नाहीत. पालखीच्या दिवशी रजा काढून ये. मांजरी फाट्यापासून लोणीपर्यंत दोघं चालू. माझे गुडघे कुरकुरतील, पण जमेल. वाटेत एक अभंग पुरा म्हणू. कळला तर ठीक, नाही कळला तर परत म्हणू.

बाकीच्या मंडळींनीही आपलं मत जरूर कळवावं. पटलं नसेल तर भांडायला माझी तयारी आहे.