मोडक्या मराठीला हसू नये

उज्जैन, इंदूर, देवास, ग्वाल्हेर या भागांतील मराठी कुटुंबांत एक प्रसंग वारंवार घडतो. लग्नकार्यासाठी पुण्यामुंबईकडची नातेवाईक मंडळी जमतात, गप्पांना रंग चढतो आणि घरातीलच एखादा मुलगा मात्र मुकाट बसून राहतो. त्याला सारे समजते. बोलता येत नाही. धीर करून तो बोललाच, तर त्याचे ‘माझी पुस्तक’ ऐकून हशा पिकतो. पुढच्या वेळी तो तोंडच उघडत नाही. आडनाव मराठी, घरातील सणवार मराठी, आणि तरीही आपल्याच माणसांत तो परका! हे परकेपण त्याच्या पदरी कोणी घातले, याचा विचार ज्यांना मराठी उत्तम येते त्यांनीच प्रथम केला पाहिजे.

मराठी माणूस उज्जैनीत कालपरवा आलेला नाही. अठराव्या शतकात शिंद्यांच्या सत्तेबरोबर मराठी कुटुंबे माळव्यात स्थिरावली. महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला. गोपाळ मंदिर दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधविले. १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला गेली, तरी अनेक घरे येथेच राहिली. पुढे १९४८ मध्ये संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि १९५६ मध्ये मध्यप्रदेश अस्तित्वात आला. शाळा, कचेरी, बाजार, मैदान सर्वत्र हिंदी. जो मुलगा दिवसाचे बहुतेक तास हिंदीत वावरतो, त्याची जीभ हिंदीला सरावली तर त्यात आळस कोणता आणि अपराध कोणता?

त्याच्या चुकाही अडाणीपणाच्या नसतात. हिंदीत लिंगे दोन, मराठीत तीन. ‘पुस्तक’ हा शब्द हिंदीत स्त्रीलिंगी आहे. म्हणून ‘माझी पुस्तक’ म्हणणारा मुलगा आपल्या परीने व्याकरणच पाळत असतो. ‘चेष्टा’ या शब्दाचा अर्थ हिंदीत प्रयत्न असा आहे आणि मराठीत थट्टा असा. तो बिचारा हिंदीतील चेष्टा करीत असतो आणि आपण मराठीतील!

भाषा बदलली म्हणून माणूस घराला पारखा होत नाही. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १९१७ मध्ये मराठी कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण उज्जैन व इंदूर येथे झाले. ते हिंदीतील थोर कवी ठरले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी व समीक्षक म्हणून नावाजले आणि १९७९ मध्ये साहित्य अकादमीच्या पुरस्काराचे मानकरी झाले. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषा समृद्ध केल्या. यांतील एकाला आपला आणि दुसऱ्याला परका कोण म्हणेल?

कोणी म्हणतील, अशा चुका चालू दिल्या तर भाषा बिघडेल. ही भीती प्रामाणिक आहे. परंतु चूक सुधारणे वेगळे आणि हसणे वेगळे. मुलाने ‘माझी पुस्तक’ म्हटले, तर ‘तुझे पुस्तक कुठे ठेवलेस?’ असे विचारावे. सुधारणा झाली, अपमान टळला. शिवाय हुकूम, वकील, तारीख हे शब्द आपण फारसी-अरबीतून घेतलेच ना? तंजावरकडील मराठी कुटुंबे सतराव्या शतकापासून तमिळ प्रदेशात राहत आहेत. त्यांची मराठी पुणेकराच्या कानाला निराळी वाटेल. पण ती घराघरांत बोलली गेली म्हणून टिकली. बोललेली अशुद्ध भाषा पुढे शुद्ध होऊ शकते. न बोललेली भाषा कशी सुधारणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु कोणताही दर्जा मुलाच्या मुखात शब्द घालीत नाही. ते काम आजीचे, आईवडिलांचे, मामा-आत्यांचे आणि भावंडांचे आहे.

अर्थात जो गप्प बसतो त्याचेही काही कर्तव्य आहे. उज्जैनच्या मुलाजवळ एक मोठे भांडवल आहे: हिंदीची देवनागरी लिपीच मराठीची लिपी आहे. ‘ळ’ तेवढा सरावाने जिभेवर बसवावा लागेल. पण मराठी पुस्तक तो आजच वाचू शकतो. त्याने रोज एक पान आजीला मोठ्याने वाचून दाखवावे, अडलेला शब्द विचारावा, आणि चुकत चुकत बोलत राहावे.

मित्रहो, येत्या सुटीत आपली माळव्यातील भावंडे भेटतील. त्यांचे वाक्य अडखळले तर ते पुरे होईपर्यंत थांबा. मायबोलीची याहून सोपी सेवा दुसरी नाही.