कोळसा त्यांचा, ढिगारा आमचा. मग भरलेली जमीन कोणाची?

कोळसा खाणीचा विषय निघाला की टनांची चर्चा होते, रॉयल्टीची होते, फार झाले तर धुळीची होते. कोळसा काढून झाल्यावर मागे उरलेल्या जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न मात्र खाणमालक विचारीत नाही, सरकार विचारीत नाही आणि खेदाची गोष्ट म्हणजे आमची चळवळही विचारीत नाही.

पुणे-सातारा महामार्गावरील वरवे बुद्रुकचा एखादा कार्यकर्ता म्हणेल, भोर तालुक्यात कोळशाचा खडाही नाही, हे पुराण आम्हाला कशाला? आमचे उत्तर साधे आहे. वरव्याच्या घराघरांत जो दिवा लागतो, त्याची वीज राज्यभर पसरलेल्या एकाच जाळ्यातून येते आणि त्या जाळ्यात चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या केंद्राचा मोठा वाटा आहे. शिवाय भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणे पाहिलेल्या माणसाला जमीन जाणे म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको. धरणात बुडालेली जमीन निदान पाण्याखाली असते. खाणीतली जमीन डोळ्यांसमोर उभी राहते, पण उलटी होऊन.

उलटी म्हणजे कशी? चंद्रपूर, राजुरा, वणी, उमरेड या पट्ट्यात वेकोलिच्या खुल्या खाणी आहेत. तेथे एक टन कोळसा काढायला पाच घनमीटरांच्या आसपास माती-दगड उपसावा लागतो. वर कापसाची काळी जमीन, तिच्याखाली पिवळी चिकणमाती, मग वाळूचा दगड आणि सर्वांत खाली कोळसा. उपसताना काळी माती वेगळी काढून जपायची, खड्डा मागून भरत न्यायचा आणि शेवटी ती काळी माती पुन्हा वर पसरायची, असे शास्त्र सांगते आणि पर्यावरण मंजुरीच्या अटीही तेच सांगतात. ढिगाऱ्याचा एकूण उतार 28 अंशांच्या आत, पायथ्याशी भिंत, भोवती चर, असे सारे लिहिलेले असते. प्रत्यक्षात काळी माती कुठे मुरमात मिसळली जाते, कुठे वर्षानुवर्षे पडून तिचा जीव जातो आणि वर आलेल्या दगडमातीत सुबाभूळ लावून 'हरितीकरण' झाल्याचे फलक लागतात. सुबाभळीच्या त्या रानात ज्वारीचे एक कणीसही पिकत नाही.

त्यात हे ढिगारे नदीकाठी. इरई आणि वर्धा नद्यांच्या काठच्या ढिगाऱ्यांनी पाण्याची वाट अडते, पात्र गाळाने भरते, ही चंद्रपूरकरांची जुनी तक्रार आहे. 2006, 2013 आणि 2022 च्या पुरांत ती पुन्हा पुन्हा पुढे आली. पुराचे पाणी आधी शिरते ते नदीकाठच्या सखल वस्त्यांत, आणि त्या वस्त्यांत कोण राहते, हे या दैनिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

ढिगारा माणसेही मारतो. वेल्समधील अबरफान गावावर 21 ऑक्टोबर 1966 रोजी कोळसा खाणीचा ढिगारा घसरला आणि 144 जण ठार झाले, त्यात 116 मुले होती. उरलेले ढिगारे हलविण्यासाठी पीडितांच्याच मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले गेले. ते 1997 साली परत मिळाले. आपल्याकडे झारखंडमधील राजमहल खाणीत 29 डिसेंबर 2016 रोजी ढिगारा कोसळून 23 कामगार गाडले गेले. ब्रिटनने अबरफाननंतर 1969 साली ढिगाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेने 1977 साली कायदा करून, जमीन पूर्ववत करण्याची हमी-रक्कम आधी भरा, मगच खणा, असे ठरविले. भारतात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण 1973 चे, पण खाणबंदीचा आराखडा आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसा ठेवण्याची सक्ती आली 2009 साली. दर होता खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये. मधल्या छत्तीस वर्षांचे खड्डे कोणाच्या खात्यावर?

आता कायद्याकडे येऊ. ही जमीन बहुतांशी 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने घेतली जाते. कलम 7 ची अधिसूचना निघाल्यावर हरकतीला मुदत तीस दिवस. हरकत कोणी घ्यायची? ज्याला मोबदल्यात हक्क सांगता येतो त्याने. म्हणजे ज्याच्या नावे सातबारा नाही, त्या शेतमजुराला तोंडच नाही. आणि ज्याला तोंड आहे त्याने 'येथला कोळसा मीच काढीन, सरकारने किंवा दुसऱ्या कोणी काढू नये' म्हटले, तर ती हरकत धरायची नाही, असे कलम 8 च्या स्पष्टीकरणातच लिहून ठेवले आहे! नोकरी मिळते ती दोन एकरांमागे एक. गायरानावर पिढी घालविलेल्या आमच्या माणसाचे अतिक्रमण 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयात बसूनही नियमित झाले नसेल, तर तो त्या जमिनीचा कोणीच नाही.

आणि कोळसा संपल्यावर? 2013 च्या भूसंपादन कायद्याचे कलम 101 सांगते की पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाकडे किंवा सरकारी जमीन-पेढीकडे जावी. कोळसा कायदा मात्र त्या कलमाच्या बाहेर ठेवला आहे. उलट 13 एप्रिल 2022 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरविले की कोळसा काढून झालेली जमीन सरकारी कंपनीच्याच मालकीची राहील आणि वीजप्रकल्प, सौरऊर्जा, कोळशाचे वायूकरण अशा कामांना भाडेपट्ट्याने देता येईल. यादीत पुनर्वसनही आहे, पण कसणाऱ्याला जमीन परत देणे कुठेच नाही. बाबासाहेबांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीचा हा निर्णय!

बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या खाणीत स्वतः उतरले होते. जानेवारी 1944 मध्ये खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. 1947 च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक'मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी आणि जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, असे मांडले. खाणपट्ट्यात सरकारने पहिला अर्धा भाग तत्परतेने पार पाडला, जमीन आपल्या नावावर केली. दुसरा अर्धा भाग कोण करणार? भूमिहीनांसाठी दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली सत्याग्रह केला, हजारो लोक तुरुंगात गेले. आज खाणपट्ट्यात सरकारी मालकीची, मोकळी, भरता येण्याजोगी जमीन समोर पडली आहे आणि तिच्यावर कोणाही भूमिहीनाचे नाव लागत नाही. छत्तीसगडमध्ये लोहंडीगुडाची जमीन 2019 साली आदिवासींना परत मिळाली. तो कायदा वेगळा होता हे खरे, पण सरकारने ठरविले तर जमीन परत देता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

8 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की खाणकाम संपल्यावर तेथे गवत, चारा, वनस्पती उगवतील अशी जमीन करणे ही खाणपट्ट्याची अट असावी. या आदेशाचा आधार घेऊन चंद्रपूर-यवतमाळच्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात प्रत्येक खाणीचा खाणबंदी आराखडा, वेगळ्या खात्यातील शिल्लक आणि काळ्या मातीची नोंद मागवावी. 2013 च्या कायद्याने तीन वर्षे त्या गावात राबलेला भूमिहीन शेतमजूरही 'बाधित कुटुंब' आहे आणि पुनर्वसनाची अनुसूची कोळसा संपादनालाही 2015 पासून लागू आहे. त्यासाठी रोजगार हमीचे जॉबकार्ड, शिधापत्रिका, मतदार यादीतील नाव असे पुरावे आजच जमवून ठेवावेत. पर्यावरण जनसुनावणीत बोलायला सातबारा लागत नाही. खाणविस्ताराला या सुनावणीतून सूट देण्याचा पायंडा केंद्राने पाडला आहे, त्याला विरोध करावाच. पण जेथे सुनावणी होते, तेथे आमच्या वस्तीने लेखी निवेदन द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि त्यात एक मागणी ठळकपणे लिहावी: भरलेल्या जमिनीचा पहिला पट्टा त्याच गावातील भूमिहीनांच्या सहकारी संस्थेला.