लंडनचे घर आणि 'कायदेशीर सल्ल्या'ची ढाल

शासनाची एखादी खरेदी अडचणीत आली की अधिकाऱ्यांचा निष्कर्ष ठरलेला असतो: वकिलांचा सल्ला घेतला होता, मालकी निर्दोष होती, सबब प्रशासनाचा दोष नाही. आम्हाला हा निष्कर्ष मान्य नाही. बाबासाहेबांच्या लंडनमधील घराच्या बाबतीत तर मुळीच नाही.

आधी घटनाक्रम पाहू. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना 1921-22 मध्ये बाबासाहेब 10, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये 30 लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन ते विकत घेतले. 14 नोव्हेंबर 2015 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. पण त्या घराची नोंद निवासी होती आणि संग्रहालयासाठी वापर बदलायची स्थानिक परवानगी हाती नव्हती. तसा अर्ज गेला 2018 मध्ये. ऑक्टोबर 2018 मध्ये कॅम्डेन कौन्सिलने तो फेटाळला. मग अपील, सप्टेंबर 2019 मध्ये जाहीर चौकशी, आणि अखेर मार्च 2020 मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी परवानगी दिली.

कॅम्डेनचे म्हणणे होते की संग्रहालयामुळे राहण्याची एक जागा कमी होते आणि हे नुकसान स्मारकाच्या लाभापेक्षा मोठे आहे. हे आम्ही तेव्हाही मानले नाही, आजही मानत नाही. जगभरातील कोट्यवधी शोषितांच्या प्रेरणास्थानाचे मोल एका सदनिकेच्या चौरस फुटांत होत नाही. शेवटी निकालही स्मारकाच्या बाजूनेच लागला.

पण या निकालाचा आधार घेऊन कोणी म्हणेल की 2015 ची प्रक्रिया बरोबर होती, तर ते चूक आहे. नंतर मिळालेली परवानगी आधीची हयगय पुसत नाही.

मालकी आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे समजायला बॅरिस्टर व्हावे लागत नाही. आमच्या मुरबाड-शहापूरकडे, वैशाखरे-टोकावडे पट्ट्यात कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. सातबाऱ्यावर नाव स्वच्छ असते, पण इतर हक्कात वनाचा शेरा असतो. जमीन आदिवासीची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. कूळकायद्यातील जमिनीवर कलम 43 ची अट असते. शेतीच्या जमिनीवर दुकान बांधायचे तर आधी वापराचे नियम पाहावे लागतात. म्हणून इसार देण्याआधी आमचा माणूस दोन प्रश्न विचारतो: ही जमीन कोणाची? आणि मला जे करायचे आहे ते इथे करता येईल का?

कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची असते. त्या जमिनीचे उतारे, फेरफार, बोजा, दर सगळे तपासले जाते. तपासावेच. पण गावच्या चार एकराला जी बारकाई, ती लंडनच्या घराला का नाही?

इथे दोनच शक्यता आहेत. वकिलांनी वापराच्या परवानगीबद्दल सावध केले असेल, तर तो सल्ला कोणी डावलला? आणि सावध केले नसेल, तर त्यांना तो प्रश्न विचारला होता का? वकील विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. 'आम्ही संग्रहालयासाठी घेत आहोत' हे सांगणे खरेदीदाराचे काम, म्हणजे शासनाचे काम. दोन्ही शक्यतांत 'सल्ला घेतला होता' एवढे उत्तर पुरत नाही. सल्ला ही जबाबदारी पार पाडण्याची पायरी आहे, जबाबदारी टाळण्याची ढाल नव्हे.

आमची मागणी साधी आहे. या खरेदीतील कायदेशीर सल्ला, त्यावरील टिपण्या आणि अपिलाचा खर्च शासनाने जाहीर करावा. यापुढे स्मारकासाठी कोणतीही जागा घेताना वापराची परवानगी हा अहवालातील स्वतंत्र मुद्दा असावा.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांचे घर वाचले ना, मग आता कशाला उकरता? उकरतो, कारण ते जवळजवळ हातचे गेले होते. जे बाबासाहेब लंडनमध्येच ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, त्यांच्या घराच्या खरेदीत कायद्याचा साधा प्रश्न अर्धवट राहावा, हे आम्हाला बोचते. श्रद्धेपोटी हिशेब मागायचा नाही, ही शिकवण त्यांची नव्हे.

जय भीम!